वाटीभर जेलीचे माहात्म्य

अंगावरील मेद उतरविण्याची चिंता लागली की मनुष्य आधी औषधाच्या शोधात निघतो. आणि औषध सापडेनासे झाले म्हणजे एखाद्या साध्या पदार्थालाच औषध ठरवून मोकळा होतो. मध-लिंबाचे पाणी झाले, जिऱ्याचे पाणी झाले, सब्जाचे बी झाले. आता पाळी जेलीची आली आहे. जेवणापूर्वी बिनसाखरेची जिलेटिनची जेली वाटीभर खावी. तिने पोट भरल्यासारखे वाटते, जेवण आपोआप कमी होते आणि वजन उतरते, अशी ही युक्ती. मोबाइलच्या पडद्यावरून ती आमच्या ओळखीच्या कित्येक घरांत पोहोचली आहे. शाळेतील वरच्या वर्गांच्या मुलींतही तिची चर्चा कानी पडते. म्हणूनच वार्षिकांकाच्या पानांवर तिचा विचार करणे आम्हांस अस्थानी वाटत नाही.

प्रारंभीच सांगतो, आम्ही जेलीचे वैरी नव्हे. पदार्थ देखणा आहे, थंड आहे, करावयास सोपा आहे, आणि हैदराबादच्या उन्हाळ्यात दुपारी चार वाजता तळलेल्या मिरची भज्यांऐवजी कोणी वाटीभर जेली खाल्ली तर त्यात त्याचे हितच आहे. हिशेबही सोपा आहे. दहा ग्रॅम जिलेटिनने सुमारे अर्धा लिटर पाणी गोठते. त्या दहा ग्रॅमांत साधारण ३५ उष्मांक असतात. चार वाट्या केल्या तर प्रत्येकीच्या वाट्यास नऊदेखील येत नाहीत. याउलट चहाच्या पेल्यात दोन चमचे साखर घातली की ४० उष्मांक झाले, आणि इराणी हॉटेलात बसून उस्मानिया बिस्किटे बुडवून तो चहा पिणारा मनुष्य एका पेल्यावर थांबतो असे आमच्या तरी पाहण्यात नाही. तेव्हा खाऊ म्हणून जेलीस आमची हरकत नाही. हरकत आहे ती तिला जेवणाच्या पाटावर बसविण्यास.

जिलेटिन म्हणजे काय, हे जेली खाणाऱ्या बहुतेकांस ठाऊक नसते. जनावरांची हाडे व कातडी यांत जे चिवट प्रथिन असते, ते पाण्यात पुष्कळ वेळ उष्णता देऊन उतरवितात व वाळवितात, तेच जिलेटिन. यामुळे शाकाहारी कुटुंबांनी, तसेच हलाल-हरामचा विवेक पाळणाऱ्या आमच्या मुसलमान शेजाऱ्यांनी, पाकीट घेताना त्यावरील खूण व घटकांची नावे वाचावीत हे बरे. जिलेटिन प्रथिन आहे खरे, पण अपुरे प्रथिन आहे. शरीरास अन्नातूनच मिळवावी लागणारी जी अमिनो आम्ले आहेत, त्यांपैकी ट्रिप्टोफॅन त्यात मुळीच नसते. आपल्या वरणभातात डाळीची उणीव तांदूळ भरून काढतो व तांदळाची डाळ; जेलीच्या वाटीत अशी सोबत कोणी नसते.

मनुष्यजातीला हा धडा यापूर्वी दोनदा मिळाला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसमध्ये दार्से नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने हाडांपासून जिलेटिन काढून त्याचे सूप इस्पितळांतील रोग्यांना व गोरगरिबांना पाजावे अशी योजना मांडली. मांस महाग, हाडे फुकट. योजना कोणालाही पटावी अशीच होती. पुढे तेथील विज्ञान अकादमीने माझांदी या शरीरशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली चौकशी बसविली. नुसत्या जिलेटिनवर ठेवलेली कुत्री जगत नाहीत, असे तिच्या १८४१ च्या अहवालाने दाखवून दिले. दुसरा धडा अधिक दारुण आहे. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत वजन उतरविण्यासाठी जनावरांच्या कातड्यापासून केलेले द्रवरूप प्रथिन बाटल्यांतून विकले जाई. पुष्कळ लोक अन्न सोडून केवळ त्यावर राहिले. १९७७-७८ च्या सुमारास त्यांच्यातील साठाच्या आसपास माणसांच्या मृत्यूची नोंद झाली; कित्येकांचे हृदय एकाएकी बंद पडले होते. एक वाटी जेली खाल्ल्याने असे काही होते असे आम्ही म्हणत नाही. तसे सुचविणे हा कांगावा होईल. जेवण सोडून जेली, हे जे पुढचे पाऊल, त्याविषयी आम्ही बोलत आहोत.

आता आपल्या स्वयंपाकघराकडे येऊ. मराठी घरांत जेलीपेक्षा चायना ग्रास अधिक परिचयाचा. तो समुद्रातील शेवाळापासून करतात, त्यामुळे शाकाहाराचा प्रश्नच उद्भवत नाही. आपल्या देशात तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, रामनाथपुरम् जिल्ह्याच्या बाजूस, असे शेवाळ गोळा केले जाते. हैदराबादसारख्या शहरात जिलेटिनपेक्षा तोच का बरा, याचे कारण हवामानात आहे. जिलेटिनची जेली ३५ अंशांच्या आतबाहेर वितळू लागते. येथे एप्रिलमध्ये पारा चाळिशी गाठतो. सकाळी डब्यात भरलेली जेली मधल्या सुट्टीपर्यंत सरबत होऊन बसते! चायना ग्रास मात्र एकदा गोठला की ८५ अंशांच्या सुमारास नेल्याखेरीज वितळत नाही.

याच गुणाने एका गृहिणीचे नाव विज्ञानाच्या इतिहासात गेले, ही गोष्ट आमच्या विद्यार्थिनींस आवडेल. १८८१ मध्ये जर्मनीत वाल्टर हेसे हे डॉक्टर जंतू वाढविण्यासाठी जिलेटिन वापरीत. उन्हाळ्यात ते पातळ होई, आणि काही जंतू तर त्यास खाऊनच टाकीत. तुझ्या जेली उन्हात कशा टिकतात, असे त्यांनी पत्नीस विचारले. फॅनी हेसे यांनी जावा बेटात राहून आलेल्या एका डच कुटुंबाकडून हे शेवाळ वापरणे शिकून घेतले होते. त्यांनी तेच सुचविले. रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेने ते स्वीकारले आणि आजही जगभरच्या प्रयोगशाळांत जंतू त्याच्यावरच वाढविले जातात. फॅनीबाईंना मात्र त्यातून ना पैसा मिळाला, ना फारशी कीर्ती.

जेलीवाल्यांच्या बाजूने बोलावयाचे तर त्यांच्याजवळ अगदीच पुरावा नाही असे नाही. २००५ मध्ये जपानात स्थूल व मधुमेहाने पीडित अशा ७६ जणांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांतील निम्म्यांना बारा आठवडे रात्रीच्या जेवणापूर्वी चायना ग्रासची जेली दिली. त्यांचे वजन सरासरी २.८ किलोने उतरले. ज्यांस जेली दिली नाही त्यांचे १.३ किलोने. फरक आहे, नाही असे नाही. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ती सगळी प्रौढ व आजारी माणसे होती, आणि जेलीनंतर त्यांनी आपले नेमस्त, साधे जेवण घेतले होते. तीन महिन्यांत जेलीने मिळवून दिले ते दीड किलो.

आमच्या कोकणी घरांत ज्यांस सोलां म्हणतात ती आमसुले गावाकडून येणाऱ्या पाहुण्याच्या पिशवीत असतातच. त्यांची जेली फार सुरेख होते. आठ-दहा आमसुले दोन पेले पाण्यात रात्रभर भिजवावीत, सकाळी कुसकरून पाणी गाळून घ्यावे. पाच ग्रॅम चायना ग्रास कात्रीने बारीक कापून अर्धा तास भिजत घालावा, मग पेलाभर पाण्यात मंद आचेवर पूर्ण विरघळेपर्यंत उकळावा. एकही तंतू राहता कामा नये. आमसुलाचे पाणी कोमट करून त्यात हे गाळून ओतावे. थंड पाण्यात ओतले तर गाठी होतात, आणि आंबट पाण्यासकट उकळले तर जेली धड धरत नाही. दोन चमचे साखर, चिमूटभर मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड. ताटात ओतून अर्धा-पाऊण तास तसेच ठेवावे, शीतकपाटाचीही गरज नाही. साऱ्या ताटात साखरेचे उष्मांक ४०. सहा वड्या पाडल्या तर प्रत्येकीत सातच्या आसपास. जिलेटिनच वापरणार असाल तर ते आधी थंड पाण्यात फुगू द्यावे व नंतर कोमट करून विरघळवावे, उकळू नये; आणि कच्चा अननस वा पपई त्यात घालू नये, कारण त्या फळांतील पाचक द्रव्ये जिलेटिन तोडतात व जेली गोठतच नाही. चायना ग्रासला ती बाधत नाहीत.

बाजारातील रंगीत जेलीच्या पाकिटाविषयी एवढेच सांगतो की, घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. पाकीट उलटून पाहावे. बहुधा पहिले नाव साखरेचेच आढळेल. ‘हलका खाऊ’ म्हणून ती आणणारी मंडळी साखरेचे पाणी गोठवून खात असतात.

हे सर्व हैदराबादेत बसून लिहिताना आम्हांस तार्नाक्याच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची आठवण होणे साहजिक आहे. १९१८ मध्ये कुन्नूर येथे एका खोलीत बेरीबेरीच्या चौकशीसाठी तिचा आरंभ झाला. १९५८ मध्ये ती या शहरात आली. उपासमारीचे व अपुऱ्या अन्नाचे रोग शोधण्यासाठी जन्मलेल्या या संस्थेस २०२४ मध्ये देशवासीयांसाठी १७ आहारसूत्रे प्रसिद्ध करताना स्थूलतेविषयीही सांगावे लागले, साखर दिवसाला २५ ग्रॅमांच्या आत ठेवा असे बजावावे लागले. काळ किती पालटला! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तेलंगणातील शंभर प्रौढ स्त्रियांत तीस व पुरुषांत बत्तीस जणांचे वजन प्रमाणाबाहेर आढळले. आणि त्याच पाहणीत याच राज्यातील पाच वर्षांखालील सुमारे एकतृतीयांश बालके वयाच्या मानाने खुजी आढळली. एकाच शहरात, कधी एकाच घरात, दोन्ही प्रकार नांदतात. अशा ठिकाणी ‘कमी खा’ हा उपदेश सरसकट सर्वांच्या कानी घालणे धोक्याचे आहे.

मुलांच्या बाबतीत तर विशेषच. प्रौढांची उंची ठरलेली असते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीची हाडे अजून वाढत असतात. तिचे वजन योग्य की अयोग्य हे प्रौढांच्या कोष्टकावरून ठरत नाही. त्यासाठी वय व उंची यांप्रमाणे वेगळे तक्ते आहेत व ते वाचण्याचे काम डॉक्टरचे आहे. असे असता मधल्या सुट्टीत पोळीभाजीचा डबा घरी ठेवून जेलीच्या चार वड्या घेऊन येणारी मुलगी आम्ही पाहिली आहे. ती स्थूल नव्हती. तिला कोणीतरी एकदा ‘जाडी’ म्हटले होते, एवढेच. चौथ्या तासाला तिचे फळ्याकडे लक्ष नव्हते, आणि आम्ही तिला त्याबद्दल रागे भरणे म्हणजे मूळ दुखणे सोडून भलतीकडेच लेप लावणे झाले असते.

म्हणून पालकांपुढे व आमच्या व्यवसायबंधूंपुढे आमची सूचना स्पष्ट आहे. कित्येक शाळांत आरोग्यतपासणीच्या दिवशी मुलांना रांगेत उभे करून वजनाचे आकडे मोठ्याने पुकारतात. पाठीमागे हशा होतो. हा प्रकार बंद व्हावा. आकडा कार्डावर लिहावा, कार्ड पाकिटात घालून घरी द्यावे. यास खर्च काही येत नाही. घरी आजी-आत्यांनी लग्नाच्या पंगतीत नातीच्या अंगकाठीवर शेरे मारू नयेत. ज्या मुलाचे वजन खरोखरच अधिक आहे त्याला एकट्याला जेली व बाकीच्यांना जिलेबी, असा पंक्तिप्रपंच करू नये. साखर व तळण कमी करावयाचे तर साऱ्या घराचे करावे. आणि संध्याकाळी तासभर मैदान मोकळे मिळावे. ते शिकवणीच्या वर्गांनी खाल्ले आहे, जेलीने नव्हे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत जेली कोणती खावी असे कोणी विचारील तर आम्ही रस्त्याच्या कडेला बोट दाखवू. एप्रिल-मे महिन्यांत तेलंगणाच्या खेड्यांतून टोपल्या भरून ताडगोळे शहरात येतात; तेलुगु मंडळी त्यांस ताटि मुंजलु म्हणतात. निसर्गानेच गोठविलेली ही जेली; ना पाकीट, ना रंग, ना साखर. कोवळे पाहून घ्यावे, साल अंगठ्याने सोलावी, आतील पाणी सांडू देऊ नये. आणि डझनभर घेतले तर घरी नेईपर्यंत चार उरतात, असा आमचा दरवर्षीचा अनुभव आहे.