बाण कमी काढा, वळणे नीट दाखवा

राज्यातील वस्तुसंग्रहालयांचे विश्वस्त, अभिरक्षक आणि त्यांच्यासाठी तंत्रज्ञानाच्या निविदा लिहिणारे अधिकारी यांस,



फोन डोळ्यांसमोर धरला की पडद्यावर फरशीवरच निळे बाण उमटतील आणि त्यांच्या मागे चालत प्रेक्षक हव्या त्या दालनात पोचेल, अशी सादरीकरणे आता तुमच्यापुढे वरचेवर होत असतील. ऑगमेंटेड रिअॅलिटीला (एआर) माझा विरोध नाही. जिन्यापाशी घुटमळणारी आणि कुणाला विचारायला संकोचणारी माणसे प्रत्येक संग्रहालयात दिसतात; त्यांना मदत हवीच. मागणी एकच आहे: या वाटाड्याने वळणावर बोलावे आणि पुढच्या वळणापर्यंत फोन खिशात जाऊ द्यावा.

सादरीकरण बहुधा मोकळ्या, लख्ख उजेडाच्या सभागृहात होते. संग्रहालय तसे नसते. दगडी भिंतींच्या आत जीपीएसवर विसंबता येत नाही, आणि दोन दालनांमध्ये फक्त एक भिंत असताना पाच-सहा मीटरची चूक म्हणजे भलतेच दालन. ब्लूटूथचे बीकन लावले तर गर्दीतली शरीरेच त्यांच्या लहरी शोषतात, शिवाय बॅटऱ्या कोणीतरी बदलत राहाव्या लागतात. म्हणून हल्ली भर कॅमेऱ्यावर असतो. भिंतींचे कोपरे, चौकटी, मूर्तींच्या कडा ओळखून फोन स्वतःची जागा ठरवतो. पण लघुचित्रांवर आणि जुन्या वस्त्रांवर साधारण ५० लक्सपेक्षा जास्त प्रकाश पडू नये, हा तुमचाच नियम. त्या मंद उजेडात कॅमेरा चाचपडतो. काचपेटीसमोर तर त्याला आतल्या वस्तूऐवजी फोन धरलेला माणूसच दिसतो.

आणि समजा, सगळे अचूक चालले. तरी हातात फोन उंच धरून दालनामागून दालन हिंडणाऱ्याचे काय होते? बोस्टनच्या ललित कला संग्रहालयातल्या बेंजामिन गिलमन यांनी १९१६ साली ‘म्युझियम फटिग’ या लेखात कपाटे पाहताना वाकणाऱ्या, उकिडव्या बसणाऱ्या प्रेक्षकाची छायाचित्रेच छापली होती. मांडणी चुकली की पाहणारा थकतो, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिले. त्या थकव्यात आपण आता दुखरा दंड आणि पडद्याला खिळलेली नजर यांची भर घालणार आहोत. जिन्यावर तर हा प्रकार सरळ धोक्याचा आहे.

मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय घ्या. १९२२ साली लोकांसाठी खुली झालेली ती इमारत वास्तुविशारद विटेट यांनी अशी बांधली, की मधल्या घुमटाखाली उभे राहिले की वरच्या मजल्यांचे सज्जे दिसतात. इमारत स्वतःच वाट सांगते. तिथे बाणांची माळ कशाला? ‘मागे फिरून घुमटाखाली या, समोरच्या जिन्याने वर जा’ एवढे वाक्य कानात पडले तरी पुरे, आणि ऐकताना डोळे मोकळे राहतात. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाची मुख्य वास्तू तर लांबट दिवाणखाना आणि वरची गॅलरी इतकी सोपी आहे; तिथे मी वाटाड्यावर एक रुपयाही खर्च करणार नाही. उलट पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय, जिथे दिव्यांपासून अडकित्त्यांपर्यंत वस्तूंची नुसती दाटी आहे, तिथे ‘वाद्ये कुठे आहेत?’ या प्रश्नाला नेमके उत्तर मिळाले तर प्रेक्षक दुवा देईल. एकच अॅप सगळीकडे चिकटवण्याचा मोह म्हणूनच टाळावा.

आणखी एक काळजी. अमेरिकेतल्या डेट्रॉइट इन्स्टिट्यूट ऑफ आर्ट्सने २०१७ च्या जानेवारीत गूगलच्या टँगो तंत्रावर ‘ल्यूमिन’ हा एआर मार्गदर्शक सुरू केला. उसने मिळणारे फोन घेऊन लोक दालनांत फिरत. ममीच्या आतला सांगाडाही त्यावर दिसे. २०१८ च्या मार्चमध्ये गूगलने टँगो बंद केले. ज्याच्या पायावर सगळे उभे होते, तेच गेले. आपल्याकडे यंत्र घ्यायला निधी मिळतो, ते चालू ठेवायला मिळत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

प्रेक्षक खरोखर काय विचारतात, ते दालनात दिवसभर उभ्या असणाऱ्या सेवकांना विचारा. प्रसाधनगृह, पाणी, बसायला जागा, बाहेर पडायचा रस्ता, हरवलेले मूल. आराखडाकारांनी पहिला आठवडा त्यांच्याशेजारी स्टूल टाकून बसावे. कॉन्फरन्स रूममध्ये बसून हे कळणार नाही. चाचणी रविवारी दुपारी घ्या, जेव्हा एका कुटुंबात एकच फोन असतो, तो स्वस्तातला असतो आणि त्याची बॅटरी आधीच निम्मी झालेली असते. सहलीच्या मुलांकडे तर फोनच नसतात, म्हणून आधी मराठीतले ठळक फलक, मग एआर. स्वतंत्र अॅप उतरवायला लावू नका. दारावरचा क्यूआर कोड स्कॅन करताच ब्राउझरमध्ये उघडेल आणि पुढे नेटवर्क गेले तरी चालेल, असे काहीतरी मागा.

निविदेत एक कलम मात्र न चुकता घाला. कपाट हलले, मूर्ती दुसऱ्या प्रदर्शनासाठी गेली, दालन डागडुजीसाठी बंद झाले, तर नकाशा त्याच दिवशी कोण बदलणार? ठेकेदाराचा करार संपल्यानंतर कोण? त्या पदाचे नाव लिहा, आणि त्या पदाचा पगार कोणत्या लेखाशीर्षाखाली निघणार तेही.

आपली,
एक नेहमीची प्रेक्षक