तहकूब सभेची सोय

ग्रामसभेची नोटीस निघते तीत वेळ असते सकाळी अकराची. त्या वेळी अर्धं गाव रानात, रोजंदारीवाले तालुक्याला. पंचायतीच्या ओट्यावर सरपंच, भाऊसाहेब, शिपाई आणि नेहमीचे आठदहा जण. थोडा वेळ वाट पाहायची, गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब करायची, चहा घ्यायचा आणि मग तीच सभा पुन्हा भरवायची. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली जी संख्या कमी तेवढी माणसं लागतात. पाच हजार मतदारांच्या गावात शंभर म्हणजे शेकडा दोन! तेवढीही जमली नाहीत तरी बिघडत नाही, कारण तहकूब झालेल्या सभेला गणपूर्तीची अटच नाही.

कारभाऱ्यांना ही पळवाट तोंडपाठ असते. तहकूब सभेत नवा विषय घेता येत नाही, हे बंधनही त्यांच्या पथ्यावरच पडतं. कुणी उठून पाणीपुरवठ्याच्या बिलाचं विचारलं, की ‘ते आजच्या विषयपत्रिकेत नाही’. घरकुलाची यादी, पुढच्या वर्षाचा आराखडा, सगळं प्रोसिडिंगमध्ये ‘सर्वानुमते मंजूर’ होतं. सूचक आणि अनुमोदक ठरलेलेच. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. तिची कितीतरी गावांत एवढीच खूण उरते, की हजेरी रजिस्टर दारोदार फिरतं आणि चुलीपुढून उठून आलेली बाई सांगितलेल्या रेघेवर सही करते. कशावर, ते तिनं विचारलं तर ‘काही नाही वहिनी, सभेची आहे’.

यावर लोकांनाच आस्था नाही, असं म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ला लागू झाली, पंचायतीला पैसा आला, पण त्यातला मोठा हिस्सा ‘बंधित’, कशावर खर्चायचा ते वरूनच ठरलेलं. उरलेल्याचं ओट्यावरच्या दहा जणांत आधीच ठरतं. रोज बुडवून कुणी नुसतं मान हलवायला का यावं?

गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) आठवा. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा सगळ्यांना माहीत असते. तिथली खरी मेहनत कमी जणांना. देवाजी तोफांच्या या गावात निर्णय बहुमतानं नव्हे, सर्वसहमतीनं होतात. एखाद्याला पटलं नाही, तर विषय पुढच्या सभेत. सभेआधी अभ्यासगटात माहिती गोळा करून चर्चा झालेली असते. हे वेळखाऊ आहे, कंटाळवाणंही असणार. पण २००९मध्ये वनहक्क कायद्याखाली गावाला जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि एप्रिल २०११मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक थेट ग्रामसभेच्या हाती आलं, तेव्हा ते वापरायला बसून बोलायची सवय लागलेलं गाव तयार होतं.

प्रत्येक गावाकडे बांबूचं जंगल नसतं, मान्य. शहरांची गत तर याहून वाईट. तिथे साध्या नागरिकाला हक्कानं बसता येईल अशी सभाच नाही, आणि मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२मध्ये संपल्यावर तर कित्येक वर्षं नगरसेवकही नव्हते. पण गावांपुरतं करता येण्यासारखं बरंच आहे. सभा संध्याकाळी, माणसं कामावरून परतल्यावर घ्या. वाड्यावस्त्यांच्या सभा आधी होऊ देत, आणि त्यांचे ठराव मुख्य सभेत पहिले वाचा. मागच्या ठरावांचं काय झालं, ते त्याच सभेत सांगा. आणि तहकूब सभेलाही गणपूर्ती लावा, निदान निम्मी तरी.

‘मग सभाच होणार नाहीत, निधी परत जाईल,’ असं सरपंच म्हणतील. एखाद्या वर्षी जाईलही. मात्र त्या वर्षी शंभर माणसं जमवायला वाड्यावस्त्यांवर फिरणं सरपंचांच्या गळ्यात पडेल, आणि लोक त्यांना दारातच विचारतील, आमचा विषय पत्रिकेत आहे का?