माइक दोनच असले तरी

आषाढी एकादशीचे भजन ध्वनिमुद्रित करावयाचे म्हटले की, ‘आपल्यापाशी माइक दोनच’ अशी खंत भजनी मंडळांतून ऐकू येते. आमच्या मते ही खंत अनाठायी आहे. १९०२ साली कलकत्त्यास गौहर जान यांचे गायन मुद्रित झाले ते केवळ एका कर्ण्यासमोर. विद्युत् ध्वनिमुद्रणाच्या तबकड्या निघू लागल्या त्या १९२५ पासून. तोवर आवाजांचा तोल साधे तो अंतराने. गायक पुढे, मोठ्या आवाजाची वाद्ये मागे.

तोच नियम आजही उपयोगी आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. तेव्हा टाळकऱ्यांनी चार पावले मागे सरावे. एक माइक बुवांपासून हातभर अंतरावर असावा. दुसरा पखवाज व पेटी यांच्यासमोर तेवढ्याच अंतरावर, परंतु पहिल्यापासून किमान तीन हात दूर असावा. ते फार जवळ आले, तर एकच आवाज दोहोंत शिरून पोकळ होतो.

वृद्ध बुवांच्या कंठातील जुन्या चाली टाळांच्या कल्लोळात बुडाल्या, तर पुढच्या पिढीने त्या शिकाव्यात कोठून? अधिक माइकांची वाट न पाहता यंदाच मुद्रण करावे. माइक पुढेही मिळतील. ते कंठ मिळणार नाहीत.