घराणे बदललेले सारथी

शर्यतीच्या मोटारी पाहण्याचा मला नाद आहे, आणि आमच्या घरात त्या नादाला काडीचा मान नाही. "जिथून निघाल्या तिथेच परत येणार, तर मग निघाल्या कशाला?" हा आमच्या सौभाग्यवतींचा सवाल गेली कित्येक वर्षे निरुत्तरच राहिला आहे. म्हणून मोटारींचे आज बाजूला ठेवू. त्यांत बसणाऱ्या काही माणसांविषयी सांगतो. हातातली चकली खाली ठेवायचे कारण नाही.

आपल्या गाण्यात जशी घराणी असतात, तशी शर्यतीच्या मोटारींतही दोन मोठी घराणी आहेत. पहिले उघड्या चाकांचे. फॉर्म्युला वन काय किंवा इंडियानापोलिसच्या शर्यतीतली गाडी काय, तिची चारी चाके अंगाबाहेर, नाक टोकदार आणि चालवणारा बरोबर मध्यभागी. २००६ साली फॉर्म्युला वनची गाडी चालकासकट जेमतेम सहाशे किलोंची असे. पंखांनी वारा अडवून ती जमिनीला चिकटून राहते. मात्र चाकाला चाक लागले तर गाडी उडालीच म्हणून समजा. त्यामुळे सगळा कारभार सोवळ्याचा. एकमेकांना शिवायचे नाही.

दुसरे घराणे अमेरिकेतल्या स्टॉक मोटारींचे. ही गाडी सुमारे दीड टनाची. चाके झाकलेली, चालक डाव्या अंगाला, आणि उजवीकडची भिंत किती हातांवर आहे ते अंदाजानेच जोखायचे. इथे सोवळेओवळे काही नाही. पुढच्याला हलकेच ढुशी देणे, शेजाऱ्याला खांदा घासणे हा खेळाचाच भाग. सकाळची नऊची लोकल पकडणाऱ्या वाचकांना हे अधिक फोड करून सांगायला नको!

या घराण्याचे मूळ काही खानदानी नव्हे. दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात चोरटी दारू वाहणारे लोक पोलिसांना चकवायला साध्याच मोटारी तेज करून घेत. अशांतूनच तिथे शर्यतींची हौस वाढली. डिसेंबर १९४७ मध्ये बिल फ्रान्स या गृहस्थाने डेटोनाच्या एका हॉटेलात बैठक भरवून 'नॅसकार' संस्थेचा पाया घातला. १९४९ च्या पहिल्या हंगामात खरोखरच दुकानात मिळणाऱ्या गाड्या धावल्या. आज फक्त चेहरा तसा आहे. आतली गाडी सगळी शर्यतीसाठीच घडवलेली. ज्युनियर जॉन्सन हा तर १९५६ साली वडिलांच्या भट्टीवर पकडला जाऊन तुरुंगात गेला, आणि १९६० साली त्यानेच डेटोनाची पाचशे मैलांची शर्यत जिंकली.

एके काळी दोन्ही घराण्यांत गाणारे लोक होते. मारिओ आंद्रेत्तीने १९६७ साली डेटोना मारली, १९६९ साली इंडियानापोलिस, आणि १९७८ साली तो फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला. चार वेळा इंडियानापोलिस जिंकणाऱ्या ए. जे. फॉइटनेही १९७२ साली डेटोना खिशात टाकली. पुढे मात्र प्रत्येक विद्या इतकी बारीक झाली, की घराणे बदलणे म्हणजे पुन्हा गंडा बांधण्यासारखे झाले.

तरीही २००६ नंतर काही मोठमोठे लोक तिकडे गेले. अमेरिकेतली उघड्या चाकांची शर्यत १९९६ पासून भाऊबंदकीने दुभंगली होती. दोन संस्था, दोन वेळापत्रके, आणि प्रेक्षक कंटाळलेला. २००८ साली दोघी एक झाल्या, पण तोवर पैसा आणि गर्दी स्टॉक मोटारींकडे वळली होती.

त्यांतला सर्वांत नामांकित म्हणजे कोलंबियाचा हुआन पाब्लो मोन्तोया. २००० सालची इंडियानापोलिस जिंकलेला, फॉर्म्युला वनमध्ये सात विजय मिळवलेला हा गडी २००६ च्या हंगामाच्या मध्यातच तिथून उठला आणि स्टॉक मोटारीत जाऊन बसला. जगातल्या पहिल्या पाचदहांत ज्याची गणना, तो तिथे नवशिका म्हणून उभा राहिला.

आता कुणी म्हणेल, चालवायची मोटारच ना, त्यात एवढे काय? ज्याला सायकल उत्तम येते, त्याने एकदा मालाची तीनचाकी हातात घेऊन पाहावी. वळताना अंग आपोआप झुकते, गाडी काही झुकत नाही, आणि चालवणारा भलतीकडेच जातो. सायकल अजिबात न येणारा मात्र ती चटकन शिकतो. मोन्तोयाचे तसेच झाले. वर्षानुवर्षे त्याच्या अंगात भिनले होते की ब्रेक अगदी शेवटच्या क्षणी दाबायचा, कारण गाडी हलकी आणि पकड घट्ट. दीड टनाचे धूड तसे थांबत नाही. ते घसरते, टायर खाते. तिला थोडी घसरू देतच न्यावी लागते. नवे शिकणे फारसे कठीण नव्हते. जुने अंगातून काढणे कठीण होते.

याचा पुरावा त्याच्या विजयांतच आहे. २००७ ते २०१३ अशी सात वर्षे त्याने या घराण्यात काढली आणि दोन शर्यती जिंकल्या: २००७ साली सोनोमा, २०१० साली वॉटकिन्स ग्लेन. दोन्ही रस्ते डावीउजवीकडे वळणारे, म्हणजे त्याच्या जुन्या तालमीतले. लंबगोल मैदानावर त्याला एकही विजय मिळाला नाही. २००९ साली इंडियानापोलिसलाच १६० पैकी ११६ फेऱ्या तो सर्वांच्या पुढे होता. पण टायर बदलायच्या गल्लीत वेगमर्यादा किंचित ओलांडली, दंड झाला आणि गडी अकरावा आला.

स्कॉटलंडच्या डॅरिओ फ्रान्किटीची कथा आणखी चटका लावणारी. २००७ साली इंडियानापोलिस आणि अजिंक्यपद दोन्ही जिंकून तो २००८ मध्ये तिकडे गेला. एप्रिलमध्ये टॅलाडेगाला घोटा मोडला, आणि जुलैत पैसे देणारा धनी मिळेना म्हणून त्याची गाडीच बंद झाली.

याउलट टोनी स्टुअर्ट. १९९७ साली उघड्या चाकांचे अजिंक्यपद मिळवून तो इकडे आला आणि २००२, २००५, २०११ असा तीनदा विजेता ठरला. कारण उघड आहे: लहानपणापासून तो मातीच्या लंबगोल मैदानांवर घसरत्या गाड्या हाकत आला होता. दुसऱ्या घराण्याचे सूर त्याच्या कानात आधीपासून होते.

आपलाही एक माणूस या वाटेने जाऊन आला. २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय नारायण कार्तिकेयन २०१० साली नॅसकारच्या पिकअप गाड्यांच्या शर्यतींत धावला. मार्टिन्सव्हिलच्या अवघ्या अर्ध्या मैलाच्या मैदानावर पहिल्याच दिवशी तो तेरावा आला, आणि त्या हंगामात लोकांनी त्याला सर्वांत लोकप्रिय चालक म्हणून निवडले.

मोन्तोया फसला, फ्रान्किटी हरला, असे तेव्हा पुष्कळांनी लिहिले. पण फ्रान्किटी २००९ मध्ये परतला आणि ओळीने तीन अजिंक्यपदे घेऊन बसला. मोन्तोया परतला आणि २०१५ साली, पहिल्या विजयानंतर पंधरा वर्षांनी, पुन्हा इंडियानापोलिस जिंकला. परक्या घरात दोघांची विद्या कमी पडली, हे खरे. पण ती नाहीशी झाली नव्हती.

मला वाटते, अशी माणसे घरोघरी आहेत. चाळिशीत बदली होऊन नव्या खात्यात गेलेला कुणी, मुलगा परदेशी म्हणून तिथली भाषा शिकायला बसलेली कुणी आजी, दहा माणसांच्या घरातून दोघांच्या संसारात आलेली एखादी सून. त्यांचे हात चुकतात ते येत नाही म्हणून नव्हे. दुसरे फार चांगले येत असते म्हणून. त्यांना पहिल्याच फेरीला नापास करू नये. ही दिवाळी अशा सर्वांना सुखाची जावो.