पाया खणण्यापूर्वी



गेल्या रविवारी मिस्साबलिदानानंतर नव्या सभागृहाचा विचार करण्यासाठी आमच्या धर्मग्रामाची बैठक भरली. तरुण स्थापत्यविशारदाने संगणकाच्या पडद्यावर इमारतीची प्रतिकृती दाखविली. तोच मागच्या बाकावरून एका आजींनी विचारले, "फादर, काठी टेकीत मी आत कशी येऊ?" दाराशी चार पायऱ्या होत्या! विशारदाने पायऱ्यांच्या जागी उतार घातला, दार बाजूस सरकविले. त्यासरशी तळनकाशा, छेदनकाशा आणि सामग्रीचा अंदाजही पालटला.

आमची मान मात्र खाली गेली. सध्याच्या सभागृहाचा कागदी नकाशा नीट न उमजताच आम्ही त्यास संमती दिली होती. चूक दिसली ती स्लॅब पडल्यावर. म्हणून कित्येक वृद्ध आजही व्हरांड्यात बसतात.

या नव्या पद्धतीस 'बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग' म्हणतात. हे नुसते चित्र नव्हे. प्रत्येक भिंतीची उंची, जाडी व सामग्री तीत नोंदलेली असते, आणि सर्व नकाशे त्या एकाच प्रतिकृतीतून निघतात.

यामागील विचार जुनाच आहे. स्पेनमधील बार्सिलोनाजवळ, कोलोनिया ग्वेल या कामगारवस्तीच्या ख्रिस्तमंदिरासाठी आंतोनी गाउदी यांनी १८९८ पासून सुमारे दहा वर्षे आराखड्यावरच घालविली. त्यांनी दोऱ्या टांगून त्यांना छऱ्यांच्या लहान पिशव्या बांधल्या. एक दोरी हलविली की इतर दोऱ्याही जागा बदलीत. ती आकृती उलटी पाहिली की भार पेलणाऱ्या कमानी दिसत. बांधकाम १९०८ साली सुरू झाले; पुरे झाले ते केवळ तळमंदिर. परंतु तेथील अनुभव 'साग्रादा फामिलिया', म्हणजे पवित्र कुटुंबाच्या महामंदिरास उपयोगी पडला. १९३६ साली यादवी युद्धात तेथील गाउदींचे नमुने फोडले गेले. पुढच्या पिढ्यांनी तुकडे जुळवून, आणि कालांतराने संगणकाच्या साहाय्याने, काम पुढे नेले. २०१० साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ते मंदिर देवाला समर्पित केले.

तथापि एक सावधगिरी हवी. पडद्यावर खिडकीच्या कडीपर्यंत सारे रेखीव दिसले की सर्व काही ठरलेच, असा भास होतो. आरंभी साधे ठोकळेच पुरेत. माणसे किती बसणार, ऊन-पाऊस कोणत्या बाजूने येणार, दार कोठे असावे, एवढे आधी ठरावे. आज भिंत सरकविण्यास क्षण पुरतो. उद्या पहार लागेल. शिवाय यंत्र विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. काठीचा प्रश्न आजींनाच विचारावा लागला.

बुरूज बांधू पाहणाऱ्याचा दाखला संत लूकच्या शुभवर्तमानात, चौदाव्या अध्यायात आहे. त्यात प्रभू आधी बसून हिशेब करावयास शिकवितात. तो हिशेब केवळ पैशांचा नसावा. येणाऱ्या माणसांचाही असावा. घर बांधणाऱ्या कुटुंबांनीही हे ध्यानी घ्यावे.

पुढील बैठकीस घरातील वडीलधाऱ्यांना अवश्य आणावे. त्यांच्यासाठी पुढचा बाक आम्ही राखून ठेवू.