बारीक अंगातली चरबी

२००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोन डॉक्टरांचा एकत्र फोटो छापून आला: लंडनचे जॉन युडकिन आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) एकच, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२.

पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३पासून चाललेल्या याज्ञिकांच्या अभ्यासाने हा फरक थेट जन्मापर्यंत नेऊन पोचवला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५. तरीही आपल्या बाळांनी त्वचेखालची चरबी बरीचशी राखली होती. घट झाली ती स्नायूंत आणि अवयवांत. पुढे असंही दिसलं, की गरोदरपणी ज्या आईला बी-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट भरपूर, तिच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनचा प्रभाव अधिक मंद, म्हणजे मधुमेहाकडे नेणारी वाट. आपण मात्र मधुमेहाचा सगळा दोष पन्नाशीतल्या माणसाच्या जिभेला देऊन मोकळे होतो. हा अन्याय आहे. घरात बी-१२ देणारं दूध-अंडं जिच्या ताटात सर्वांत शेवटी, उरलं तर पडतं, त्या सुनेच्या आहाराकडे आधी बघायला हवं.

मूल होण्याचा विचार घरात चालला असेल, तर डॉक्टरांना विचारून तिची बी-१२ची तपासणी आत्ताच करून घ्या.