आत्याचा फॉरवर्ड

परवा रात्री साडेदहाला मुलुंडच्या आत्याचा फोन. इतक्या उशिरा ती कधी फोन करत नाही, त्यामुळे आधी पोटात गोळाच आला.

"अरे, तो मेसेज वाचलास का? पवईला आयआयटीत कॅन्सरवर औषध निघालंय. जीन बदलतात म्हणे. आणि स्वस्त आहे. मग मी या उरलेल्या केमो कशाला घेत बसू?"

आत्याला स्तनाचा कर्करोग आहे. दोन केमो झाल्यात, चार बाकी आहेत. केस गेले, तोंडाची चव गेली. अशा माणसाला आशेचा मेसेज कोण पाठवतं, आणि पाठवताना पूर्ण वाचतं का? असो.

मेसेज धड खोटाही नव्हता, हीच तर पंचाईत. आयआयटी मुंबईतले प्राध्यापक राहुल पुरवार आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अनेक वर्षं खपून ही उपचारपद्धती उभी केली. टाटा मेमोरियलचे डॉ. हसमुख जैन आणि डॉ. गौरव नरुला यांच्यासारखे डॉक्टर सोबत होते. २०२१ साली रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या, ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारी मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईत येऊन तिचं लोकार्पण केलं. नाव नेक्सकार-१९. भारतात तयार झालेली ही पहिली कार-टी उपचारपद्धती. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर ट्रॅफिकमध्ये अडकून आपण ज्या गेटकडे कंटाळून बघत बसतो, त्याच्या आत हे घडलं. अभिमान वाटतोच.

आता हे काम कसं करतं ते बघा. आपल्या रक्तातल्या टी-पेशी म्हणजे सोसायटीचे वॉचमन. बाहेरचा चोर ते पकडतात, पण कर्करोगाची पेशी आपल्याच बिल्डिंगमधली, त्यामुळे कित्येकदा त्यांच्या नजरेतून सुटते. म्हणून रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी वेगळ्या काढतात. निकामी केलेल्या विषाणूच्या पाठीवरून त्यांच्यात एक नवा जीन घालतात. त्या जीनमुळे पेशीवर एक नवा 'डोळा' उगवतो, जो सीडी-१९ नावाची खूण ओळखतो. मग या पेशी प्रयोगशाळेत वाढवून सलाइनसारख्या परत रुग्णाच्या अंगात सोडतात. औषध म्हणजे रुग्णाच्याच पेशी, फक्त शिकवून पाठवलेल्या.

पण ही सीडी-१९ची खूण असते बी-पेशींवर. म्हणून हा उपचार बी-पेशींच्या रक्ताच्या कर्करोगांसाठी, म्हणजे ल्युकेमिया आणि लिम्फोमाच्या काही प्रकारांसाठी, आणि तोही नेहमीचे उपचार हरल्यावर किंवा आजार उलटल्यावर. २०२५ साली लॅन्सेट हीमॅटॉलॉजीत त्याचे निष्कर्ष छापून आले. सुमारे ७३ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला. ज्यांच्यापुढचे बाकीचे रस्ते बंद झाले होते, त्यांच्यासाठी हा आकडा फार मोठा आहे. पण स्तनाच्या गाठीतल्या पेशींवर ती खूणच नसते. तिथे हा वॉचमन समोरून निघून जाईल. गाठींच्या कर्करोगांवर जगभर काम चालू आहे, पण ते सोपं नाही.

म्हणजे मेसेजमधल्या 'कॅन्सर' या शब्दात अर्धीच गोष्ट होती. दुसरा शब्द 'स्वस्त'. अमेरिकेत २०१७ साली पहिली कार-टी बाजारात आली, तेव्हा तिची किंमत ४ लाख ७५ हजार डॉलर होती. नेक्सकार-१९ साधारण ३० ते ४० लाख रुपयांच्या घरात, म्हणजे जवळजवळ दहावा हिस्सा. प्रत्येक रुग्णासाठी औषध वेगळं बनवावं लागतं, गोळ्यांसारखा घाणा काढता येत नाही, हे लक्षात घेतलं तर ही कमाल आहे. यात मी कुणाला नावं ठेवत नाही.

पण दहावा हिस्सा अमेरिकेतल्या किमतीचा. भांडुपच्या चाळीतल्या रिक्षावाल्याने ३० लाख आणायचे कुठून? आयुष्मान भारतचं कवच कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं. पुरवारांनी आणि टाटाच्या डॉक्टरांनी आपलं काम केलं. किंमत चार कोटींवरून चाळीस लाखांवर आणणं शास्त्रज्ञांच्या हातात होतं. चाळीस लाखांवरून सामान्य माणसाच्या दारापर्यंत आणणं सरकारच्या आणि विमा कंपन्यांच्या हातात आहे. या संशोधनाला सरकारचा, म्हणजे तुमचा-माझा पैसाही लागलाय. तेव्हा हे मागणं आपला हक्क आहे. आपण नुसतं 'स्वस्त' म्हणून टाळ्या वाजवल्या, तर ते कुणी मागणारच नाही.

माझं म्हणणं एवढंच, मंडळी. अभिमानाचा मेसेज जरूर पाठवा, पण पूर्ण पाठवा. कुठला कर्करोग, कुठल्या टप्प्यावर, किती पैसे. ही तीन वाक्यं गाळली की पवईतलं इतकं मोठं काम आणि कुठल्यातरी तेलाची जाहिरात यांत फरक उरत नाही. आणि कुणीतरी केमो सोडायचा विचार करू लागतं.

आत्याला हे सगळं फोनवर सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे गुरुवारी जायचंच म्हणतोस."

गुरुवारी मीच तिला मुलुंडहून अंधेरीला घेऊन आलो. पवईला नेहमीप्रमाणे गाडी अडकली. आत्याने काचेतून बाहेर बघितलं. "हेच का ते?" मी हो म्हटलं. "माझ्यासाठी नाही तर नाही. कुणाच्या तरी पोरासाठी निघालंय ना," म्हणाली आणि पदर सारखा करून बसली.

तुमच्या घरच्या ग्रुपवर असे अर्धे मेसेज येतात का? आणि आले की तुम्ही काय करता?